दुश्मनाच्या हातचं पाणी

कापसाच्या काट्यावर पोरं तोलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या शाळेचा ड्रिल मास्तर निघाला.

मी तेव्हा नुकतीच परभणीहून त्या गावी भूगोल शिकवायला गेले होते. बाजाराच्या दिवशी ताडकळसला भाजी आणायला गेले, तर एका अडत्याच्या दुकानापुढं ही गर्दी. साखळ्यांच्या काट्याच्या एका पारड्यात वजनं, आणि दुसऱ्या पारड्यात आमच्या आठवीतला एक पोरगा उकिडवा बसलेला, दोन्ही हातांनी साखळी गच्च धरून. शेजारी आमचे सर. खाकी अर्धी चड्डी, वर बनियन, पायात कॅनव्हासचे बूट.

"सर, ह्याला काय भाव लावू?" अडत्यानं विचारलं. लोक हसले.

"तुमी निस्तं वजन सांगा. ह्यो माल इकायचा न्हाई, वाढवायचा हाय."

मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "बरं झालं बाई आलात. आपल्या शाळेत अठ्ठेचाळीस किलोच्या आतली पोरं लय हायत. खजिना हाय खजिना." मी म्हटलं, सर, ही पोरं हडकुळी आहेत, घरी धड खायला मिळत नाही, त्यात खजिना कसला? तर म्हणाले, "तेच तर सांगायलोय."

गाव त्यांना बुक्कीमास्तर म्हणायचं. तोंडावर सर, पाठीमागं बुक्कीमास्तर. त्यांना दोन्ही ऐकू यायचं आणि माझ्या मते दुसरं जास्त आवडायचं. झरीकडचे होते. भाऊ तिकडं शेती करायचे. हे मात्र पोरवयातच पलटणीत गेले, तिथं बॉक्सिंग शिकले, नाक मोडून घेतलं आणि परत येऊन आमच्या शाळेत ड्रिल शिकवायला लागले. नाक उजवीकडं कललेलं. सर फळ्यावर सरळ रेघ मारतात तीही नाकाच्याच बाजूनं जाते, असं पोरं म्हणायची आणि ते खरंच होतं. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं असं मुख्याध्यापकांच्या मंडळींनी एकदा विचारलं तर म्हणाले, "वहिनी, पायाचं काम सुटतं." आता या उत्तरावर बाईमाणसानं काय बोलायचं?

हे पायाचं काम, म्हणजे बॉक्सरनं सतत चवड्यावर हलत राहायचं, हे त्यांचं वेडच होतं. ते टाचा टेकून कधी उभे राहिले नाहीत. वर्गात, पानटपरीवर, मयतीला गेले तरी चवड्यावर. राष्ट्रगीताला तेवढ्या टाचा खाली यायच्या. ओळखीचं माणूस दिसलं की नमस्काराच्या आधी त्यांचा डावा हात आपोआप पुढं येऊन हवेत एक टिचकी मारून परत जायचा. नवीन पोस्टमन एकदा त्यानं दचकून सायकलवरून पडला. मुख्याध्यापक त्यांना स्टाफरूममध्ये भिंतीकडच्या खुर्चीवरच बसवायचे, तेवढा एका बाजूचा तरी धोका कमी.

त्यांचं एक बोलणं मी हजारदा ऐकलं असेल. "मारनं कोणालाबी येतं, बाई. बैलालाबी येतं. मार चुकवनं, ह्यो इल्म हाय."

आणि दुसरं त्यांचं आवडतं भाषण माझ्या नकाशासमोर व्हायचं. आशियाचा मोठा नकाशा मी स्टाफरूममध्ये टांगला होता. मधल्या सुट्टीत चहा आला की सर माझी छडी घ्यायचे आणि सुरू व्हायचे.

"हे बगा. हे कराची, हे ढाका. वर नेपाळ, खाली लंका. आन् मधी आपुन. ह्या सगळ्या मुलखातली पोरं एकाच घाटाची हायत. काटक, हलकी, हात लांब. कुस्तीला काय लागतं? दूध, तूप, बदाम, आन् खुराक घालणारा बाप. कितीजणांकडं हाय? बॉक्सिंगमधी हलक्याला हलकाच भिडतो. अर्धपोटी पोराला बी त्याच्या वजनाची इज्जत देणारा खेळ हाय ह्यो. दोन हात लागतेत, आन् पोटात थोडा जाळ. ते दोन्ही आपल्याकडं फुकट."

"मग आहे कुठं तुमचं बॉक्सिंग?" गणिताचे सर विचारायचे.

"येणार हाय."

हे ते एसटीची वाट बघणाऱ्या माणसासारखं म्हणायचे. उशीर झाला असेल, पण गाडी रद्द झालेली नाही, अशा सुरात. काठमांडूचा कुणी, चितगावचा कुणी, पलटणीतल्या सामन्यांत भेटलेली माणसं त्यांना अशी आठवायची की जणू परवा वालूरच्या लग्नात भेटली. कोणाचा डावा हात कसा होता, कोण पडल्यावर हसायचा. मला भूगोल येत होता, पण त्या देशांत माणसं राहतात हे मला सरांनी शिकवलं म्हटलं तरी चालेल.

शाळेमागच्या लिंबाला त्यांनी एक पोतं टांगलं होतं, बुक्क्या मारायला. पहिल्यांदा कुठूनशी सरकी मिळाली म्हणून त्यात सरकी भरली. पोरांनी आठवडाभर ठोसे मारमारून पोतं मऊ केलं, आणि एका सकाळी येऊन बघतात तर पाटलांची म्हैस पोतं फाडून निवांत रवंथ करतेय. मुख्याध्यापक तर पोट धरून हसले. सर मात्र म्हशीभोवती एक चक्कर मारून गंभीरपणे म्हणाले, "गार्ड खाली होता पोत्याचा." मग वाळू आणि चिंध्या भरल्या.

एकदा त्यांनी मलाही ग्लोज चढवले होते. मुख्याध्यापकांनी माझी रजा नाकारली होती आणि मी धुसफुसत व्हरांड्यात उभी होते. "या बाई, इथं काढा तो राग. भूगोलात कुठं काढायची सोय हाय?" पदर खोचून मी त्या पोत्याला जे दोनचार हाणले, अजून आठवतं. मनगट दुखलं, पण जीव इतका हलका झाला की मी रजेचं विसरूनच गेले.

हे सगळं हसण्यावारी सांगतेय खरी, पण ते दिवस हसण्याचे नव्हते. मी तिथं गेले त्याच्या आदल्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला होता आणि त्यावरून जे पेटलं त्यात आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतली घरं जळाली होती. मी पाहिलं तेव्हा नवीन पत्रे चढले होते, पण खालच्या भिंती काळ्याच होत्या. वस्तीतली पोरं शाळेत परत आली ती मागच्या दाराजवळ बसायची. कोणी बसवलं नव्हतं, तशीच बसायची. पाण्याच्या माठापाशी शिपाई ओगराळं घेऊन उभा असे. कोणाच्या ओंजळीत किती उंचावरून पाणी सोडायचं, हे त्याला कधी कुणाला सांगावं लागलं नाही.

गावची तालीम मारुतीच्या देवळात. तिथं वस्तीतल्या पोरांनी पाय ठेवायचा प्रश्नच नव्हता. पण लिंबाखाली देव नव्हता, त्यामुळं तिथं कुणाला मनाई करायची हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सरांकडं ग्लोजच्या जोड्या दोनच. पलटणीतून आणलेल्या, लाल, आतून विरलेल्या. एकानं काढले की दुसऱ्यानं घालायचे, आणि आतला घाम वाळायला कुणी थांबत नसे. सुरुवातीला गावातली काही पोरं बिचकली. सर म्हणायचे, "घालतूस का जातूस?" पोरं घालायची. मारामारीची हौस आज्जीच्या सोवळ्यापेक्षा मोठी असते, हे मी त्या लिंबाखाली पाहिलं.

आणि मग तो पाण्याचा नियम.

ग्लोज चढवले की माणूस लुळा होतो. नाक पुसता येत नाही, नाडी बांधता येत नाही, तांब्या धरता येत नाही. दोन फेऱ्यांच्या मधे पाणी प्यायचं तर दुसऱ्यानं पाजावं लागतं. आपल्या बॉक्सरला आपलाच माणूस पाणी पाजतो, ही जगाची रीत. सरांची रीत निराळी. ज्याच्याशी लढायचं त्याच्या माणसानं येऊन पाणी पाजायचं. "दुश्मनाच्या हातचं पाणी ज्याला पचतं त्याला दुश्मनाचा मारबी पचतो. नियम हाय."

हा नियम जगात कुठंही नाही. तेव्हाच मला शंका होती, पुढं मी बॉक्सिंगच्या जाणकारांना विचारून खातरी करून घेतली. सरांना विचारलं की या नियमाचा जन्म दर खेपेला निराळ्या देशात व्हायचा. एकदा म्हणाले नेपाळी सुभेदारानं शिकवला, एकदा लंकेच्या टीमकडून आला, आणि एकदा तर चक्क लाहोरचा निघाला. मी म्हटलं, सर, एक काय ते ठरवा. तर हसून म्हणाले, "सगळीकडलाच हाय बाई. मुलूख एकच हाय ना."

पोरांना मात्र तो खराच वाटायचा. आंतरराष्ट्रीय नियम म्हटल्यावर काय बिशाद! उत्तम म्हणून वस्तीतला एक पोरगा होता, सडपातळ, डोळे कायम समोरच्याच्या खांद्यावर. त्याचा बाप गवंड्याच्या हाताखाली जायचा. आणि दिगंबर हा पाटलांचा नातू, अंगानं बरा, पण आश्चर्य म्हणजे उत्तमच्याच वजनाचा. काट्यावर दोघे बरोबर उतरले म्हणून सरांनी त्यांची जोडी लावली. दिगू दमून बसला की उत्तमच्या भावकीतलं कुणी तरी तांब्या घेऊन जायचं आणि दिगू मान वर करून घटाघटा प्यायचा. उत्तमला दिगूचा चुलतभाऊ पाजायचा. शाळेत माठावर जे चालत नव्हतं ते शाळेमागं रोज संध्याकाळी चालायचं, अशी काही वर्षं गेली.

गावाला ठाऊक नव्हतं असं मी समजत होते. ते खोटं निघालं.

पाटील आमच्या संस्थेच्या कमिटीवर होते आणि जत्रेचे पंचही तेच. गाव त्यांना दादा म्हणायचं. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते. नातवाचे दंड भरलेले बघून त्यांना खेळ आवडायला लागला होता. चैतातल्या जत्रेआधी ते स्वतः शाळेत आले.

"सर, ह्या वर्षी कुस्त्यांच्या फडात तुमचं बी एक होऊन जाऊ द्या. दिगू आन् ते उत्तम. गाव बगू द्या तरी. लोकायला पटलं तर शाळंमागं पक्का ओटा बांधून देतो. संस्थेत बोलतो, खेळ शाळंच्या यादीत घेऊ. पोरं परभणीला जातील, फुडं औरंगाबादला जातील."

सरांचा चेहरा मी बघत होते. इतकी वर्षं ज्या एसटीची वाट पाहिली ती फाट्यावर येऊन उभी होती.

"फकस्त एक करा," दादा उठता उठता म्हणाले. "पाण्याचं तेवढं जत्रंत नको. शाळंत काय करता त्याला मी कधी बोललो का?"

सर दारापर्यंत त्यांच्या मागं गेले. मग म्हणाले, "दादा, नियम हाय तो."

"तुमचाच हाय ना? मंग एक दिवस सोडा."

दादा गेल्यावर मी सरांवर इतकी चिडले की बोलायची सोय नाही. म्हटलं, सर, हातातोंडाशी आलेला घास आहे. एक दिवस आपापल्या माणसानं पाणी पाजलं तर काय आकाश कोसळणार आहे? ओटा होऊ द्या, खेळ शाळेत येऊ द्या, मग पाजा हवं त्याला हवं त्याच्या हातून. तुम्हीच म्हणता ना, या सगळ्या मुलखात बॉक्सिंग येणार. ते कुठून तरी सुरू व्हायला नको का?

"उत्तमला काय सांगू, बाई?" ते म्हणाले. "रोज तुज्या माणसाचं पाणी चालतं, आज लोक बघायलेत म्हून चालत न्हाई. असं सांगू?"

"तो समजून घेईल."

"त्येच तर. त्यो समजून घील. त्याला सवय हाय समजून घ्यायची." एवढं बोलून ते चवड्यावर झुलत बाहेर गेले आणि पोत्याला मारत बसले.

मला अजूनही वाटतं की त्या दिवशी माझं बरोबर होतं. शहाण्या माणसानं ओटा बांधून घेतला असता.

त्या जत्रेनंतर आमच्या गावात बॉक्सिंग राहिलं नाही, हे आधीच सांगून टाकते. लढत तीन फेऱ्यांची होती, तिसरी झालीच नाही. कोण जिंकलं, विचारू नका. जून उजाडायच्या आत लिंबावरचं पोतं उतरवलं गेलं आणि सरांची बदली संस्थेच्या वालूरकडच्या शाळेत झाली. तिकडंही त्यांनी काहीतरी सुरू केल्याचं कानावर यायचं, बंद पडल्याचंही यायचं. उत्तम पुढं पोलिसात गेला. दिगू शेती बघतो, त्याचं आणि उत्तमचं येणंजाणं आहे. मी लग्नानंतर परभणीला बदली करून घेतली.

शेवटचे सर मला भेटले ते विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या संक्रांतीला. आमच्या घरी आले होते. केस पांढरे झालेले, दात गेलेले, तिळगूळ चहात बुडवून खाल्ला. आमचे हे पेपर वाचत होते, त्यात सगळीकडं विद्यापीठाचीच बातमी. सर म्हणाले, "लागली बाई वर्सं. पर नाव जोडलं. बॉक्सिंगलाबी लागतील." मी म्हटलं, सर, अजून तेच का? तर डावा हात पुढं आला, माझ्या नाकासमोर हवेत टिचकी मारून परत गेला. मला एकदम रडू आलं आणि मी तिळगुळाचा डबा आणायच्या निमित्तानं आत गेले.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. आता परभणीच्या मैदानावर संध्याकाळी फिरायला जाते तर पोरं ग्लोज घालून खेळताना दिसतात. पोरीसुद्धा. एक तर इतकी हडकुळी आहे की वारा आला तर उडेल, पण तिचा डावा हात बघत राहावा. टीव्हीवर नेपाळची, लंकेची, बांगलादेशची पोरं दिसतात. मी दर वेळी मनात म्हणते, सर, आली हो तुमची गाडी. त्यांची फार आठवण येते. अशी माणसं जवळ असतात तेव्हा आपण त्यांना हसत असतो, आणि तेही आपल्याला हसू देतात.

पण जत्रेचं सांगायचं राहिलं.

गावाजवळच्या कोरड्या ओढ्यात फड होता. हलगी बाहेरगावाहून आणलेली. वस्तीनं हलगी वाजवणं केव्हाच सोडलं होतं. रेवड्यांवरच्या लहान पोरांच्या कुस्त्या झाल्या, नारळावरच्या झाल्या, आणि मग चार मेखा ठोकून त्यांना विहिरीचं चऱ्हाट गुंडाळलं गेलं. "आता बुक्क्यायची कुस्ती," असं कुणीतरी ओरडलं. सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ माझ्याकडं होतं म्हणून सरांनी मला चऱ्हाटाला लागून खुर्ची दिली, मांडीवर पितळी परात आणि हातात दांडका. कुस्तीच्या फडात बाई बसलेली त्या गावानं तोवर पाहिली नव्हती. मी पदर घट्ट लपेटून घेतला आणि परात वाजवली.

लोकांना काही केल्या कळेना. "आरं धर की त्याला, कंबरंला धर," म्हणून म्हातारे ओरडत होते. दिगू जोरात होता, उत्तम सापडत नव्हता. तीन मिनिटांनी मी परात वाजवली तर सगळा फड उठून उभा. "कोण पडलं?" "कोणीच न्हाई." "मंग सोडवलं काहून?" कोणाची पाठ मातीला लागल्याशिवाय काही झालंय, हेच कुणाला पटत नव्हतं.

दोघे मिनिटभर विसाव्याला आपापल्या कोपऱ्यात स्टुलावर बसले. आणि उत्तमचा बाप तांब्या घेऊन चऱ्हाटाखालून आत आला. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. तो आपल्या पोराकडं गेला नाही, दिगूकडं गेला.

गलका हळूहळू थांबला. पुढच्या रांगेत दादा बसले होते, त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. उत्तमच्या बापानं तांब्या उचलला, चांगला हातभर उंच धरला, सवयीनं. पाणी दिगूच्या कपाळावर, डोळ्यांत पडलं.

"काका, खाली धरा की," दिगू म्हणाला. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. उत्तमच्या बापानं तांब्या खाली आणला, थेट ओठाशी. दिगू प्याला.

समोरच्या कोपऱ्यात उत्तम मान वर करून बसला होता. त्याला पाणी पाजायचं काम दिगूच्या चुलतभावाचं. तो दादांच्या शेजारीच बसला होता, तांब्या त्याच्या पायाशी भरलेला. तो उठायला लागला तर दादांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. तो बसला.

मी हळूच म्हटलं, "सर, तुम्ही पाजा."

"मी कोणाकडलाच न्हाई, बाई."

इतका राग आला मला. पोराचे ओठ वाळलेले दिसत होते. उत्तमचा बाप पोरापासून चार पावलांवर तांब्या घेऊन उभा होता आणि पाजत नव्हता, कारण सरांनी दोन्ही बाजूंना आधीच नियम सांगून ठेवला होता. उत्तम वाट बघत राहिला. मग त्यानं मान खाली घेतली. मिनिट संपलं, मी परात वाजवली.

दुसरी फेरी मी नीट पाहिली नाही. सरांकडंच बघत होते. ते पोरांच्या भोवती फिरत होते आणि मधेच नजर त्या पायाशी ठेवलेल्या तांब्याकडं जात होती. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं प्रथमच पाहिलं. ओटा गेला हे त्यांना कळलं होतं, त्याचं भय नव्हतं ते. ज्या पोराला समजून घ्यायला लावायचं नव्हतं, तोच गावासमोर कोरड्या तोंडानं बसला होता, आणि ते त्यांच्यामुळं. दिगूचा ओठ फुटला, उत्तम धापा टाकायला लागला. मी परात वाजवली.

उत्तम जाऊन स्टुलावर बसला. या वेळी त्यानं मान वर केली नाही. दादांच्या शेजारी कुणी हललं नाही.

दिगू बसलाच नाही. उत्तमचा बाप तांब्या घेऊन त्याच्यासमोर आला, तर दिगूनं दोन्ही ग्लोज पुढं केले. त्या माणसाला आधी कळेना. मग त्यानं तांब्या त्या दोन लाल ग्लोजच्या मधे ठेवला. चुलीवरचं पातेलं फडक्याशिवाय उतरवावं तसा, कोपरं बाहेर काढून, पाय जपून टाकत दिगू समोरच्या कोपऱ्याकडं निघाला.

"दिग्या," दादा उभे राहिले. "माघारी फिर."

त्यानं मागं बघितलं नाही. "त्याचा माणूस मीच हाय आता," एवढं म्हणाला, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. उत्तमच्या समोर जाऊन थांबला. तांब्या वाकडा झाला, अर्धं पाणी उत्तमच्या छातीवर सांडलं. उत्तमनं मान वर केली, तोंड उघडलं आणि पिऊ लागला. ओढ्यात इतकी शांतता होती की घोट ऐकू येत होते.

"अजून हाय का?" त्यानं विचारलं.

दिगूनं तांब्यात वाकून पाहिलं. "हाय."

मिनिट संपून गेलं होतं. दादा काठी टेकत चऱ्हाटाकडं यायला लागले होते. मी दांडका उगारला, तर सर धावत माझ्याजवळ आले आणि त्यांनी परातीवर आपला पालथा हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"थांबा बाई," ते म्हणाले. "पोटभर पिऊ द्या त्याला."